रानबदकांच्या घरटेपेट्यांची निगा

ढोलीत अंडी घालणाऱ्या रानबदकांसाठी पेटी बसवायला एक दुपार पुरते. ती पेटी पुढची दहा-पंधरा वर्षे मादीच्या उपयोगी पडावी यासाठी मात्र दर वर्षी तिच्यापाशी जावे लागते, आणि नेमके हेच अनेकदा राहून जाते. तळ सडलेली, जुन्या घरट्याने अर्धी भरलेली, किंवा ज्या खांबावर शिकारी प्राण्याला काहीच अडथळा नाही अशा खांबावरची पेटी केवळ निरुपयोगी ठरते असे नाही. मादी बाहेरून भोक पाहते, आत शिरून जागेचा अंदाज घेते आणि जागा पसंत पडली तर तिथेच अंडी घालते. या खांबावर साप किंवा रॅकून (उत्तर अमेरिकेतील झाडावर चढणारा सस्तन प्राणी) सहज चढू शकतो, हे तिला ओळखता येत नाही. निगा न राखलेली पेटी अशा रीतीने मादीला धोक्याच्या जागी बोलावून घेते. म्हणून पुढच्या सर्व सूचनांच्या आधी ही एक सूचना द्यावीशी वाटते: जेवढ्या पेट्यांपर्यंत दर वर्षी जाणे शक्य आहे तेवढ्याच बसवाव्यात, आणि आधीच त्याहून जास्त बसवल्या असतील तर उरलेल्या उतरवून ठेवाव्यात. नीट सांभाळलेल्या दहा पेट्या मला विस्मरणात गेलेल्या चाळीस पेट्यांहून अधिक मोलाच्या वाटतात.

पेटी कोणासाठी आणि का

उत्तर अमेरिकेतील वुड डक आणि हुडेड मर्गन्सर, पूर्व आशियातील आणि आता ब्रिटनमध्येही रानात स्थिरावलेले मँडरिन बदक, उत्तरेकडील जंगलांतील गोल्डनआय, त्याहून लहान बफलहेड आणि बराच मोठा गूसँडर ही सगळी बदके ढोलीत वीण करतात. मराठी वाचकांच्या परिचयाची अडई आणि नकटा ही बदकेही झाडाच्या ढोलीचा उपयोग करतात. यांपैकी एकालाही स्वतः ढोली कोरता येत नाही. मोठ्या सुतार पक्ष्याने कोरून सोडून दिलेली किंवा फांदी तुटून खोड कुजल्यामुळे तयार झालेली पोकळी त्यांना शोधावी लागते, आणि अशा पोकळ्या जुन्या, जाड खोडांतच असतात. पाणथळीच्या काठची जुनी झाडे तुटली की बदकांना अन्न आणि पाणी उरते, पण अंडी घालायला जागा उरत नाही. ही उणीव पेटी भरून काढते.

पेट्यांचा उपयोग होतो याची साक्ष जुनी आहे. स्कँडिनेव्हिया आणि फिनलंडमध्ये लोक पूर्वी पोकळ ओंडके झाडांवर बसवून गोल्डनआयची काही अंडी खाण्यासाठी काढून घेत आणि काही घरट्यात राहू देत. संरक्षणाच्या हेतूने मोठ्या प्रमाणावर पेट्या बसवण्याचे काम अमेरिकेत इलिनॉय राज्यातील शटॉक्वा अभयारण्यात 1937 साली वुड डकसाठी झाले. त्या काळी शिकारीमुळे आणि जंगलतोडीमुळे या बदकाची संख्या फार घटलेली होती. स्कॉटलंडमध्ये गोल्डनआयने प्रथम वीण केल्याची नोंद 1970 ची आहे आणि तिथली पुढची वाढ मुख्यतः पेट्यांच्या आधाराने झाली. आइसलंडमध्ये मोठी झाडे जवळजवळ नसल्यामुळे बॅरोज गोल्डनआय हे बदक लाव्ह्याच्या खडकांतील पोकळ्यांत अंडी घालते आणि मीवात्न सरोवराच्या परिसरात लोकांनी ठेवलेल्या पेट्याही स्वीकारते. ढोली लाकडाचीच असली पाहिजे असा त्या मादीचा आग्रह नसतो. आत अंधार असावा, तळ कोरडा असावा आणि शत्रूला आत येता येऊ नये, एवढे तिला पुरते.

या लेखातील मापे वुड डक, मँडरिन आणि हुडेड मर्गन्सर यांना चालणाऱ्या पेटीची आहेत: तळ सुमारे 25 सेंटिमीटर लांब-रुंद, उंची सुमारे 60 सेंटिमीटर, आणि तळापासून 40 ते 45 सेंटिमीटर वर 10 सेंटिमीटर रुंद व 7.5 सेंटिमीटर उंच असे लंबगोल भोक. बफलहेडसाठी भोक याहून लहान आणि गोल्डनआय व गूसँडर यांच्यासाठी मोठे लागते. देखभालीची पद्धत सर्वांची जवळपास सारखीच आहे.

मादी काय करते ते आधी समजून घ्यावे

देखभालीतील प्रत्येक कृतीचे कारण मादीच्या वागण्यात सापडते, म्हणून ते थोडक्यात सांगतो. वुड डकची मादी दिवसाला एक अंडे घालते, बहुधा सकाळच्या वेळी, आणि एका घरट्यात साधारण 10 ते 12 अंडी होतात. ती बाहेरून काडी, गवत किंवा पान काहीच आणत नाही. पोकळीत जे असेल त्यातच खळगा करते. अंडी घालण्याच्या दिवसांत ती निघून जाताना अंडी तळाच्या भुशाखाली झाकते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला पेटी रिकामी वाटते. अंडी पूर्ण होत आली की ती छातीची मऊ पिसे उपटून त्यांचे अस्तर घालते आणि मग साधारण 30 दिवस उबवते. पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर सुमारे एक दिवस पेटीत राहतात, मग खालून आई हाक देते आणि ती नखांच्या आधाराने आतली भिंत चढून भोकापर्यंत येतात आणि एकामागून एक खाली उडी टाकतात. त्यानंतर ती पेटीत परत येत नाहीत.

यातून चार गोष्टी ठरतात. भुसा, म्हणजे लाकडाच्या कोरड्या ढलप्या, आपणच घालावा लागतो, कारण मादी तो आणणार नाही. तळ कोरडाच असला पाहिजे, कारण ओल्या भुशात अंडी थंड पडतात. आतली भिंत खडबडीत असलीच पाहिजे, नाहीतर पिल्ले आतच अडकून मरतात. आणि पिल्ले निघून गेल्यावर पेटीत राहिलेला कचरा बदकांच्या दृष्टीने निरुपयोगी असतो, तो निःशंकपणे काढून टाकता येतो.

कधी जावे

मुख्य फेरी वीण सुरू होण्याच्या आधी, हिवाळ्याच्या उत्तरार्धात करावी. वुड डकच्या विस्तारक्षेत्राच्या उबदार दक्षिण टोकाला माद्या जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीतच पेट्या पाहू लागतात, तर उत्तरेला मार्चअखेर किंवा एप्रिल उजाडतो. तेव्हा आपल्या भागातील पहिली जोडी पाण्यावर दिसण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी सर्व काम संपलेले असावे. शरद ऋतूत, पाने गळल्यावर, सफाई करणारेही आहेत आणि त्यात चूक नाही. फक्त हिवाळ्यात खारी त्याच पेटीत पाने कोंबतात, त्यामुळे वीण सुरू होण्याआधी पुन्हा एक नजर टाकावीच लागते. दोन्हीपैकी एकच फेरी शक्य असेल तर मी हिवाळ्याच्या अखेरची निवडीन.

थंड प्रदेशात तळे गोठलेले असताना पेटीपर्यंत चालत जाता येते आणि होडीची गरज पडत नाही, ही मोठी सोय आहे. पण बर्फाची जाडी प्रत्यक्ष भोक पाडून मोजल्याशिवाय त्यावर पाऊल ठेवू नये. चालण्यासाठी निदान 10 सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ, घट्ट बर्फ हवा, आणि पाण्यात उभ्या असलेल्या खांबाभोवतीचा बर्फ बाकीच्यापेक्षा पातळ असतो हे विसरू नये. होडीने जायचे असेल तर अंगावर लाइफ जॅकेट असावे. दोन्ही वेळा सोबत दुसरी व्यक्ती हवीच. पेटी पाण्यावर, हात वर गुंतलेले आणि पायांखालची जागा अस्थिर, अशा स्थितीत एकट्याने काम करण्यात कसलेही शहाणपण नाही.

जिथे हंगाम लांब असतो तिथे दुसरी एक छोटी फेरी हंगामाच्या मध्यावर करावी. उत्तर अमेरिकेतील बदकांत एका वर्षात दोनदा पिल्ले काढण्याची नियमित सवय फक्त वुड डकला आहे, आणि तीही उबदार भागांत. पहिल्या माद्यांची पिल्ले निघून गेल्यावर पेटीतील टरफले, मळकी पिसे आणि न फुटलेली अंडी काढून नवा भुसा घातला, तर तीच पेटी त्याच वर्षी पुन्हा वापरली जाऊ शकते.

पेटी उघडताना

निघताना हातमोजे, धुळीसाठी चांगला मास्क, खरवडायला पुट्टी लावण्याचे पाते, पोते, कोरड्या भुशाची पिशवी, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, सुटे स्क्रू, एखादी फळी, पक्कड आणि वही एवढे सोबत घ्यावे. मास्क घालणे ही केवळ औपचारिकता नव्हे. विष्ठा वाळल्यावर तिची धूळ उडते आणि अशा धुळीतून फुफ्फुसाचे बुरशीजन्य आजार होऊ शकतात, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून काम करावे आणि कचरा फार कोरडा असेल तर त्यावर आधी थोडे पाणी शिंपडावे.

पेटीजवळ शांतपणे जाऊन बाजूवर दोन-तीनदा हलके ठोकावे आणि थोडे थांबावे. आत घुबड, खार किंवा लवकर आलेली मादी असेल तर तिला भोकातून बाहेर पडण्याची संधी मिळते. मग दारासमोर उभे न राहता बाजूला राहून दार थोडेसे उघडावे आणि आधी छताकडे पाहावे, कारण गांधीलमाश्या आपले पोळे छताच्या आतल्या बाजूला लावतात. त्यानंतर तळाकडे पाहावे, कारण उबदार प्रदेशात साप तिथे वेटोळे घालून बसलेला असू शकतो. न पाहता आत हात घालायचा नाही, हा नियम सर्व ऋतूंत पाळावा.

जुन्या घरट्याची साक्ष

पेटी उघडताच सगळे ओरबाडून पोत्यात भरण्याची घाई होते, आणि ती आवरली पाहिजे. गेल्या हंगामात इथे काय घडले याचा पूर्ण वृत्तांत त्या कचऱ्यात असतो, आणि यंदा पेटीत काय बदलायचे हे त्यावरूनच ठरते. माझ्या मते देखभालीचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, म्हणून त्यासाठी वेळ राखून ठेवावा आणि थर एकेक करून काढावा.

पिल्ले यशस्वीपणे बाहेर पडली असतील तर टरफलांचे बारीक तुकडे भुशात मिसळून तळाशी दबलेले दिसतात, आणि त्यांच्यासोबत अंड्याच्या आतली पापुद्र्यासारखी त्वचा चामड्यासारखी चिवट होऊन टरफलापासून पूर्ण सुटलेली आढळते. हे पापुद्रे मोजले तर किती पिल्ले निघाली याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. टरफलाचे मोठे तुकडे विखुरलेले असतील, पापुद्रा टरफलाला अजून चिकटलेला असेल आणि भुशावर बलकाचे वाळलेले डाग असतील, तर अंडी कोणीतरी फोडून खाल्ली आहेत. अशा वेळी पिसे भोकातून बाहेर ओढलेली आणि पेटीच्या पुढच्या फळीवर नखांचे ओरखडे दिसले, तर संशय रॅकूनवर किंवा तशाच चढणाऱ्या सस्तन प्राण्यावर जातो. पिसांचे अस्तर जागच्या जागी आहे, खळगा तसाच आहे आणि एकही अंडे किंवा टरफल नाही, असे असेल तर ते बहुधा सापाचे काम असते, कारण साप अंडे सबंध गिळतो. अंड्यांवर टोचल्यासारखी छोटी भोके असतील तर चोचीने टोचणारा पक्षी, उदाहरणार्थ स्टारलिंग (साळुंकीच्या कुळातील पक्षी) किंवा सुतार पक्षी, आत येऊन गेला आहे.

पिसांचे अस्तर असून सर्व अंडी थंड, सबंध आणि न फुटलेली असतील तर मादीने घरटे सोडून दिले आहे, किंवा बाहेर तिचे काही बरेवाईट झाले आहे. पिसे अजिबात नसून दोन-चार अंडी भुशात पडलेली असतील तर वीण सुरू होऊन मध्येच थांबली. आणि तळाशी वाळलेली पिल्ले सापडली, तर पेटीची आतली भिंत तपासल्याशिवाय ती पेटी पुन्हा बंद करू नये. भोकाखालची, पिल्लांना चढण्यासाठीची खडबडीत शिडी निखळलेली असते, गुळगुळीत झालेली असते, किंवा भुसा इतका खाली बसलेला असतो की भोक पिल्लांच्या आवाक्याबाहेर जाते. अशी पेटी उघडणे फार जिवावर येते, पण तिच्यातून मिळणारी माहिती सर्वांत उपयोगी असते.

न फुटलेली अंडी काढताना ती हलक्या हाताने पोत्यात ठेवावीत, कारण कुजलेले अंडे दाबले तर फुटते आणि दुर्गंधी दिवसभर हातांना राहते. अनेक देशांत रानबदके, त्यांची घरटी आणि अंडी यांना कायद्याचे संरक्षण आहे. अमेरिकेत ते 1918 च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने दिलेले आहे. काही देशांत जुनी अंडी कोणत्या महिन्यांत काढता येतात हेही ठरवून दिलेले आहे, आणि ती घरी ठेवून घेणे गुन्हा ठरतो. आपल्या भागातील नियम वन्यजीव खात्याकडून आधीच विचारून घ्यावेत.

सफाई आणि नवा भुसा

साक्ष घेऊन झाली की पेटी लाकडापर्यंत रिकामी करावी. ओला थर, गवत, पाने, पोळी, कोळ्यांची जाळी सगळे खरवडून काढावे, आणि कचरा पेटीखाली टाकून न देता पोत्यात भरून दूर न्यावा. अंड्यांचा वास पेटीखाली पसरला तर तो शिकारी प्राण्यांना वाट दाखवतो. लाकूड फार मळलेले असेल तर गरम पाण्याने घासून उन्हावाऱ्यात पूर्ण वाळू द्यावे. कीटकनाशक, रंग, वार्निश किंवा लाकूड टिकवण्याची रसायने पेटीच्या आत कधीही लावू नयेत. गांधीलमाश्यांचा त्रास वारंवार होत असेल तर छताच्या आतल्या बाजूवर साध्या साबणाची वडी घासावी. त्यामुळे पोळे चिकटत नाही.

आता भुशाविषयी. करवतीचा बारीक भुसा वापरू नये. तो ओल धरून दगडासारखा घट्ट बसतो, मादीला त्यात खळगा करता येत नाही आणि नुकत्याच निघालेल्या पिल्लांना तो गुदमरवू शकतो. गवत, पेंढा आणि पालापाचोळा बुरसतो. योग्य वस्तू म्हणजे रंधा मारताना निघणाऱ्या लाकडाच्या वळलेल्या, कोरड्या ढलप्या. त्या 8 ते 10 सेंटिमीटर जाडीच्या थरात पसराव्यात, वरून थोडे दाबून पाहावे आणि मध्ये मुठीने हलका खळगा करावा. ज्या लाकडावर रसायनांची प्रक्रिया झाली आहे त्याच्या ढलप्या चालणार नाहीत, म्हणून सुतारकामाच्या जागेवरून आणताना ही चौकशी अवश्य करावी.

पेटीची दुरुस्ती

तळाच्या कोपऱ्यांत पाणी निचरण्यासाठी केलेली भोके कचऱ्याने बुजतात. काडी घालून ती मोकळी करावीत, आणि मुळातच नसतील तर 1 सेंटिमीटरच्या आसपासची चार भोके पाडावीत. छत पुढे झुकलेले आणि भोकाच्या पुढे बरेच आलेले असावे. छताच्या फळीला तडा गेला असेल तर ती फटीत काहीतरी भरून चालवून न घेता बदलूनच टाकावी, कारण वरून ठिबकणारे पाणी नेमके अंड्यांवर पडते. दाराची बिजागरी आणि कडी दोन्ही हाताने ओढून पाहावीत; रॅकूनची बोटे साधी कडी उघडू शकतात, म्हणून स्क्रू फिरवूनच उघडावे लागेल असे दार मला अधिक खात्रीचे वाटते. पेटी किंचित पुढे झुकलेली असेल तर चांगलेच, त्याने पाऊस आत येत नाही आणि पिल्लांना चढणे सोपे जाते. मागे झुकलेली पेटी मात्र सरळ करावी.

आतली शिडी म्हणजे भोकाच्या खाली तळापर्यंत आलेला खडबडीत पट्टा. तो लोखंडी जाळीचा असेल तर जाळीचे घर 6 मिलिमीटरच्या आसपास असावे, कडा आतून दुमडलेल्या असाव्यात आणि जाळी लाकडाला सर्वत्र चिकटलेली असावी. जाळी आणि लाकूड यांच्यात फट पडली तर पिल्लू तिथे अडकते, आणि उघड्या तारेने मादीच्या पायाला जखम होते. बोट फिरवून प्रत्येक टोक तपासावे. जाळी गंजली असेल तर मी ती काढून टाकून त्या जागी फळीवरच करवतीने आडव्या खाचा पाडण्याचा सल्ला देईन. खाचा गंजत नाहीत आणि निखळतही नाहीत.

नवी पेटी करायची झाल्यास रंधा न मारलेली, 2.5 सेंटिमीटर जाडीची, कुजण्याला तोंड देणारी फळी घ्यावी आणि खिळ्यांऐवजी न गंजणारे स्क्रू वापरावेत. पातळ प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या पेट्या उन्हात आतून फार तापतात, आणि अंडी तेवढी उष्णता सहन करत नाहीत.

खांब आणि अडथळा

जिवंत झाडावर बसवलेली पेटी दिसायला सुंदर असते, पण तिचे रक्षण करणे फार अवघड, कारण शिकारी प्राणी खोडावरून, वरच्या फांदीवरून आणि शेजारच्या झाडावरूनही येतात. शक्य तिथे पेटी पाण्यात किंवा पाण्याकाठी स्वतंत्र धातूच्या खांबावर असावी, आणि पुराच्या सर्वोच्च पातळीपेक्षा पेटीचा तळ निदान एक मीटर वर असावा. मागच्या पावसाळ्यात किंवा हिमवितळीत पाणी कुठवर आले होते याची खूण खांबावर चिखलाच्या रेषेने राहते. ती रेषा पेटीखालच्या शंकूसारख्या पत्र्याच्या वर गेलेली असेल तर खांब उंच करण्याची वेळ झाली आहे.

पेटीच्या खाली शंकूच्या आकाराचा पत्रा उलट्या नरसाळ्यासारखा बसवतात. त्याचा व्यास सुमारे 90 सेंटिमीटर हवा; त्याहून लहान शंकूला रॅकून वळसा घालून पलीकडे पोहोचतो. शंकूची खालची कड जमिनीपासून किंवा पाण्यापासून निदान एक मीटर वर असावी. दर वर्षी शंकू हाताने हलवून पाहावा, गंजलेला भाग आणि वाकलेली कड दुरुस्त करावी, आणि शंकू व खांब यांच्यामधली फट बारकाईने पाहावी. सापाला अगदी अरुंद फटही पुरते, त्यामुळे ती पत्र्याच्या पट्टीने किंवा बारीक जाळीने बंद केल्याशिवाय शंकूचा सापापुढे उपयोग होत नाही. खांबाला ग्रीस फासण्याची युक्ती अनेकजण सांगतात. ती वापरू नये. ग्रीस वाळून निरुपयोगी होते, आणि ओले असेपर्यंत पक्ष्यांच्या पिसांना लागते.

खांबाभोवती वाढलेली झुडपे, वेली आणि पेटीच्या दोन-तीन मीटरच्या आत आलेल्या फांद्या छाटाव्यात. मात्र काठावरची सगळी झाडी साफ करू नये. उडी टाकलेल्या पिल्लांना लपायला हीच पाण्यात झुकलेली झुडपे लागतात, आणि ती नसलेल्या उघड्या तळ्यावर उत्तम पेटीतूनही पिल्ले वाचत नाहीत.

एका पेटीत फार अंडी आढळली तर

पापुद्रे आणि अंडी मिळून संख्या वीस-पंचवीसच्या पुढे गेली असेल तर ती एका मादीची नव्हे. वुड डकच्या माद्या कोकिळेप्रमाणे दुसरीच्या घरट्यात अंडी टाकतात, फरक एवढाच की इथे दोघी एकाच जातीच्या असतात. एखादी मादी पेटीत शिरताना दुसऱ्या मादीने पाहिले की तीही तिच्यामागे जाते. नैसर्गिक ढोल्या झाडीत लपलेल्या आणि विखुरलेल्या असल्यामुळे हे मर्यादेत राहते. पण उघड्या पाण्यावर एकमेकींसमोर, किंवा एकाच खांबावर पाठीला पाठ लावून बसवलेल्या पेट्यांमुळे ते फार वाढते. मग अंड्यांचा ढीग एवढा होतो की मादीला सर्व अंडी अंगाखाली घेता येत नाहीत, काही थंड पडतात, आणि कित्येकदा घरटेच सोडून दिले जाते.

यावर उपाय जास्त पेट्या लावणे हा नाही. पेट्या दूर करून, एकीवरून दुसरी दिसणार नाही अशा रीतीने झाडीच्या आडोशाला न्याव्यात, आणि जोडपेट्यांपैकी एक उतरवावी. हे स्थलांतर हिवाळ्याच्या फेरीतच करावे, कारण मादी पूर्वी यशस्वी झालेल्या जागेकडे परतते आणि हंगामात हललेली पेटी तिला गोंधळात टाकते.

हंगामातील भेटी

वीण चालू असताना कुतूहल आवरावे. तपासणी करायचीच असेल तर महिन्यातून एकदा पुरे, आणि ती दुपारी करावी, कारण सकाळ ही अंडी घालण्याची वेळ असते. अंडी घालण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत मादीला उठवले तर ती घरटे सोडून देण्याचा धोका जास्त असतो. उबवण पुढे सरकली की ती घट्ट बसून राहते. तेव्हा दार उघडताच ती दिसली तर काही न हलवता दार हळूच लावून निघून यावे. पिल्ले निघण्याच्या सुमारास पेटी उघडू नये, नाहीतर पिल्ले वेळेआधीच उड्या टाकतात.

स्टारलिंगने गवत भरून पेटी बळकावली असेल तर काय करता येईल हे ठिकाणावर अवलंबून आहे. उत्तर अमेरिकेत हा पक्षी 1890 च्या सुमारास बाहेरून आणून सोडला गेला आणि त्याला तिथे संरक्षण नाही, म्हणून त्याचे घरटे पुन्हा पुन्हा काढता येते. युरोपात तो मूळचा आणि संरक्षित आहे. घुबड बसले असेल, म्हणजे तळाशी हाडे आणि केसांच्या गोळ्या आढळल्या, तर त्याला त्या हंगामात राहू द्यावे, कारण त्यालाही ढोल्यांची तीच टंचाई भोगावी लागते. मधमाश्यांचे पोळे स्वतः काढू नये. मधमाश्या पाळणाऱ्या माणसाला बोलवावे.

नोंद आणि पेटी उतरवणे

प्रत्येक पेटीला क्रमांक द्यावा आणि तो खांबावर टिकाऊ रंगाने लिहावा. वहीत तारीख, पेटी वापरली गेली का, पापुद्र्यांची संख्या, न फुटलेली अंडी, शिकारी प्राण्याच्या खुणा आणि केलेली दुरुस्ती एवढे लिहिले तरी पुरे. पहिल्या वर्षी ही नोंद निरस वाटते. तिसऱ्या वर्षी मात्र कोणती पेटी दर वेळी लुटली जाते आणि कोणती सतत रिकामी राहते, हे त्याच वहीवरून दिसते.

रिकामी राहणारी पेटी लगेच अपयशी समजू नये. नवी पेटी माद्यांच्या लक्षात यायला दोन-तीन हंगाम जाऊ शकतात. त्यानंतरही वापर झाला नाही तर भोकासमोर फांद्या आल्या आहेत का, जवळ पिल्लांसाठी आडोसा आहे का हे पाहून ती हलवावी. पण जी पेटी शंकू दुरुस्त करूनही लागोपाठ दोन हंगाम लुटली गेली, ती त्याच हिवाळ्यात खाली घ्यावी. उतरवायला लगेच जमणार नसेल तर भोकावर फळी ठोकून ते बंद करावे, आणि वहीत त्या क्रमांकापुढे तारीख टाकावी.